कडेचा दोष : सांख्यिकीय सॉफ्टवेअरच्या स्वयंचलनाची चिकित्सा

सांख्यिकीय विश्लेषणाचे तयार सॉफ्टवेअर हाताने न चालविता, स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीकडून चालवून घ्यावयाचे, ही पद्धत आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांत बरीच प्रिय झालेली दिसते. तिच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा 'कसे करावे' या प्रश्नापुरते असते. अमुक ओळ लिहिली म्हणजे एस.पी.एस.एस. उघडते, तमुक ओळ लिहिली म्हणजे तक्ता एक्सेलमध्ये येऊन पडतो, असे त्याचे स्वरूप पाककृतीचे असते. परंतु या मार्गाने निघालेल्या आकड्यावर विश्वास केव्हा ठेवावा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

पद्धतीचे स्वरूप प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. १९९३ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने अशी एक व्यवस्था प्रचारात आणली की, एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमला हाक मारावी आणि त्याच्या अंगची कामे त्याच्याकडून करून घ्यावीत. एक्सेल, एस.पी.एस.एस., स्टाटा, मॅटलॅब ही सारी सॉफ्टवेअरे अशा हाकेला ओ देऊ लागली. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या आणि २००० साली पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झालेल्या 'आर' या मुक्त भाषेसाठीही असे दुवे पुढे तयार झाले. आता पायथनमधून आर चालविता येते आणि एस.पी.एस.एस.च्या पोटातही पायथन चालते. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. बोलावणारी आज्ञावली एक, बोलावलेले सॉफ्टवेअर दुसरे, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक शीव असते. आकडे ती शीव ओलांडून आत जातात व उत्तरे ती ओलांडून बाहेर येतात.

या शिवेकडे माझे लक्ष एका प्रबंधाने वेधले. नाशिकला द्वारका चौकाजवळ माझे काही दिवस वास्तव्य असताना एक विद्यार्थी आपले काम दाखवावयास आला. मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याचा रस्ता जेथे मिळतात तो हा चौक. खिडकी उघडी ठेवली की बोलणे ऐकू येऊ नये, अशी तेथली परिस्थिती. तेव्हा खिडकी लावून आम्ही बसलो. विषय चांगला होता : शासनाच्या निर्यातविषयक निर्णयांचा लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील कांद्याच्या भावावर होणारा परिणाम. रोजची आवक आणि रोजचे भाव त्याने सार्वजनिक नोंदींतून घेतले होते. त्याने लिहिलेली आज्ञावली एक्सेलला हाक मारून फाइली उघडी, आकडे एकेक करून उचली, ते विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरला देई आणि तक्ते तयार करून प्रबंधाच्या मसुद्यात नेऊन बसवी.

"सर, आता कुठेच हात लावावा लागत नाही. एक बटण दाबले की चाळीस तक्ते," तो म्हणाला.

"त्यांतला एखादा तक्ता तुम्ही मूळ नोंदीशी ताडून पाहिलात का?"

तो क्षणभर थांबला व म्हणाला, "प्रोग्रॅम चुकत नाही ना, सर."

हे त्याचे म्हणणे एका अर्थाने खरे होते, आणि म्हणूनच ते अधिक तपासण्यासारखे आहे. त्याच्या आज्ञावलीत व्याकरणाची एकही चूक नव्हती. विश्लेषणाचे सॉफ्टवेअरही आपल्या परीने अचूक होते. तरीदेखील चाळीसपैकी बरेच तक्ते चुकलेले निघाले.

पहिला दोष तारखांचा होता. आपल्याकडे दिवस आधी व महिना नंतर लिहितात. अमेरिकेत याच्या उलट. भारतीय पद्धत ठरवून दिलेल्या संगणकावर साधी स्वल्पविरामांची फाइल हाताने एक्सेलमध्ये उघडली, तर ५/४ ही पाच एप्रिल म्हणून वाचली जाते. तीच फाइल, त्याच संगणकावर, एक्सेलच्या स्वतःच्या प्रोग्रॅमभाषेतून आज्ञेने उघडली आणि वेगळी सूचना दिली नाही, तर वाचन अमेरिकन पद्धतीने होते व पाच एप्रिलचा भाव चार मेच्या खात्यावर जमा होतो. महिन्याच्या बारा तारखेपर्यंत ही अदलाबदल होऊ शकते; पुढे होऊ शकत नाही, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे आलेख पाहताच खटकेल अशी ठळक चूक दिसत नाही. भावाची रेषा थोडी अधिक खडबडीत दिसते, एवढेच. आणि कांद्याच्या भावात खडबड असणारच, असे आपण मनाशी म्हणून पुढे जातो.

दुसरा दोष याहून गंभीर होता. लिलाव बंद असलेल्या दिवशी भावाचा रकाना रिकामा असतो. एक्सेलमध्ये हाताने सरासरी काढल्यास रिकामा रकाना सोडून दिला जातो. एस.पी.एस.एस.मध्ये तो ठिपक्याने दाखविला जातो व गहाळ मूल्य समजला जातो. आरमध्येही अनुपलब्ध मूल्यासाठी स्वतंत्र चिन्ह आहे. म्हणजे रिकामे आणि शून्य यांतील भेद सर्वांना ठाऊक आहे. परंतु मधल्या आज्ञावलीने तो रकाना उचलून एका संख्यावाचक चलात ठेवला की रिकाम्याचे शून्य होते. पलीकडच्या सॉफ्टवेअरला मिळते ते शून्यच, आणि शून्य रुपये क्विंटल हा त्याच्या दृष्टीने एक भाव आहे. एका आठवड्यात सहा दिवस धरले, चार दिवस भाव २,००० रुपये आणि दोन दिवस बाजार बंद अशी कल्पना केली, तर खरी सरासरी २,००० रुपये आणि यंत्राची सरासरी १,३३३ रुपये. विचरणाची तर गोष्टच बोलावयास नको.

येथे असे कोणी म्हणेल की, ही चूक साधी आहे. शून्ये काढून टाकावीत म्हणजे झाले. परंतु बाजार बंद कोणत्या दिवशी असतो, हे पाहिले पाहिजे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र शासनाने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि त्यानंतर लगेच नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. २० सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांच्या बंदमुळे जवळजवळ दोन आठवडे व्यवहार थांबले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ पर्यंत राहिली. जो प्रबंध या निर्णयांचा परिणाम मोजू पाहतो, त्याच्या दृष्टीने निर्णयाच्या लगतचे दिवस सर्वांत मोलाचे. आणि नेमके तेच दिवस कोरे. सणाच्या सुट्टीचा कोरा दिवस व वादाचा कोरा दिवस हे एकाच जातीचे नव्हेत. पहिला योगायोगाने गहाळ आहे. दुसरा भावामुळेच गहाळ आहे. शून्ये गाळून टाकली, तर बंदच्या आदल्या दिवसाचा भाव आणि बाजार उघडल्यानंतरचा भाव ही दोन मूल्ये शेजारी येऊन बसतात, आणि 'कालचा भाव' म्हणून आज्ञावली जे धरते ते दोन आठवड्यांपूर्वीचे असते. शून्य ठेवणे चूक आहे. गाळणे हीदेखील एक भूमिका घेणे आहे. ती भूमिका संशोधकाने घ्यावयाची आणि लिहून ठेवावयाची. या प्रबंधात ती आज्ञावलीने घेतली होती, आणि कोणालाही न कळविता घेतली होती.

तारखेवरून नोंद शोधण्याचाही असाच घोळ होता. हंगाम बदलण्याच्या दिवसांत लाल व उन्हाळ असा दोन्ही प्रकारचा कांदा एकाच दिवशी येतो, म्हणून एका तारखेला दोन नोंदी असतात. आज्ञावली पहिली नोंद सापडताच शोध थांबवी. (जाता जाता एक गोष्ट. बाजार समितीच्या तक्त्यांत कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर दिलेले असतात. शासकीय संकेतस्थळावर या तिसऱ्याला बहुलकाचे नाव आहे. व्यवहारात त्याला सर्रास सरासरी म्हणतात, आणि प्रबंधांत तो अंकगणिती मध्य समजून वापरला जातो. हा दोष मात्र यंत्राचा मुळीच नाही.)

अशा चुका इतक्या नियमाने शिवेवरच का व्हाव्यात, याचा विचार करताना डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्या कार्याची आठवण होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले सुखात्मे पुढे भारतीय कृषि संशोधन परिषदेत पीकपाहणीचे काम करीत होते. शेतातील एक लहान तुकडा यादृच्छिक रीतीने निवडावयाचा, त्यातील पीक कापून तोलावयाचे व त्यावरून एकरी उत्पन्न काढावयाचे, ही ती पद्धत. तुकडा जितका लहान तितके काम सोपे. सुखात्मे यांनी १९४६ च्या सुमारास दाखवून दिले की, फार लहान तुकडे घेतले असता उत्पन्नाचा अंदाज सातत्याने वाढीव येतो. याचे कारण तुकड्याच्या कडेशी आहे. चौकटीच्या रेषेवर उभे असलेले रोप आत धरावे की बाहेर, हे कापणाऱ्याला ठरवावे लागते, आणि त्याचा हात ते आत ओढून घेण्याकडे वळतो. तुकडा लहान होत जातो तशी क्षेत्राच्या मानाने कड वाढते, आणि कडेवरच्या निर्णयांचा वाटाही वाढतो. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे मत वेगळे होते. नीट शिकविलेली माणसे असतील तर लहान तुकड्यांनीही भागते, असे त्यांचे म्हणणे. वादाचा तपशील येथे नको. आपल्याला हवे आहे ते एवढेच की, मोजमापातील दोष जेथे मोजले जाते तेथे नसून आत आणि बाहेर यांच्या सीमारेषेवर असू शकतो; आणि काम जितक्या लहान तुकड्यांत वाटावे तितकी ती रेषा लांब होत जाते.

उपरोक्त प्रबंधाची आज्ञावली ही अशीच बारीक तुकड्यांची होती. प्रत्येक भाव स्वतंत्रपणे उचलावयाचा, प्रत्येक महिन्यासाठी सॉफ्टवेअरला वेगळी हाक मारावयाची, प्रत्येक उत्तर वेगळे आणून ठेवावयाचे. काही हजार वेळा शीव ओलांडली जात होती, आणि प्रत्येक ओलांडणीत तारीख, रिकामी जागा, दशांश यांचे भाषांतर होत होते. शिवाय हे काम संथही होते, हे सांगितलेच पाहिजे, कारण वेग हाच या पद्धतीचा मोठा गुण म्हणून वर्णिला जातो. माझ्या मते स्वयंचलनाच्या कोणत्याही आज्ञावलीची पहिली परीक्षा हीच असावी की, ती शीव किती वेळा ओलांडते. संपूर्ण फाइल एकदा द्यावी. करावयाचे सर्व विश्लेषण त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या भाषेत एका मजकुरात लिहून द्यावे. आणि उत्तर एकदाच परत घ्यावे. मग मधल्या आज्ञावलीला टपाल पोचविण्यापलीकडे काम उरत नाही, आणि ते तसेच असावयास पाहिजे.

परतीच्या वाटेवरचे दोष अधिक फसवे असतात. एस.पी.एस.एस.ला आज्ञांचा मजकूर देताना काम पुरे होईपर्यंत थांबावयाचे की नाही, हे सांगण्याची सोय त्याच आज्ञेत असे. थांबावयाचे नाही असे ठरले, तर आज्ञावली पुढे निघून जाई आणि खिडकीत आधीपासून असलेला जुना तक्ता नवा म्हणून उचलून आणी. आणखी एक सवय म्हणजे उत्तरांतील 'तिसरा तक्ता' असे क्रमाने सांगणे. एखाद्या महिन्यात सॉफ्टवेअरने मध्येच इशाऱ्याची चौकट दाखविली की तिसरा तक्ता चौथा होतो, आणि आपण समाश्रयणाच्या गुणकाऐवजी भलतीच संख्या प्रबंधात छापतो. त्यातील उपरोध असा की, हे घडते ते नेमके सॉफ्टवेअर आपल्याला सावध करू पाहत असताना.

२००७ मध्ये एस.पी.एस.एस.ची सोळावी आवृत्ती निघाली. तिचे बाह्यांग जावा भाषेत नव्याने लिहिले गेले, आणि खिडक्या व तक्ते हाताळणाऱ्या कित्येक जुन्या आज्ञावलींची दुरुस्ती करावी लागली. ज्यांनी विश्लेषणाच्या आज्ञा साध्या मजकुरात लिहून ठेवल्या होत्या, त्यांचा तो मजकूर मात्र बहुतांशी पूर्ववत चालला. १९६८ मध्ये हे सॉफ्टवेअर स्टॅनफर्ड येथे जन्मले तेव्हा खिडक्या नव्हत्याच. होती ती आज्ञांची भाषा. जे मूळ अंग आहे त्याला धरून राहावे, वरच्या पोशाखाला लोंबकळू नये, हे त्यावरून दिसते.

आतापर्यंतच्या विवेचनावरून मी स्वयंचलनाचा विरोधक आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तसे नाही. हाताने केलेले काम निर्दोष असते, असे मानण्यास काहीही आधार नाही. २०१० मध्ये राइनहार्ट व रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी सरकारी कर्ज व आर्थिक वाढ यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला व त्याचा आधार अनेक देशांच्या धोरणांत घेतला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला त्यांच्या एक्सेलच्या कागदात असे आढळले की, सरासरीचे सूत्र पाच ओळी अलीकडेच थांबले आहे आणि पाच देश हिशेबाबाहेर राहिले आहेत. ही चूक सापडली ती तो कागद त्याला मिळाला म्हणून. उंदराच्या टिचक्यांनी केलेल्या विश्लेषणाचा तर मागमूसही राहत नाही. कोणता पर्याय निवडला, कोणती खूण काढली, हे आठवड्याने करणाऱ्यालाही सांगता येत नाही. आज्ञावलीत ते सर्व लिहिलेले असते. त्या विद्यार्थ्याच्या तारखांचा दोष मला सापडला, तो त्याची आज्ञावली वाचता आली म्हणूनच. स्वयंचलनाचे खरे मोल या लेखी पुराव्यात आहे. चाळीस तक्ते एका बटणावर निघण्यात नाही.

पण लिहिलेले कोणी वाचलेच नाही, तर काय होते? इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबरअखेरीस करोनाच्या तपासण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून साध्या फाइलींत येत व आपोआप एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलींत भरले जात. त्या जुन्या प्रकारात ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत, आणि एका रुग्णासाठी अनेक ओळी लागत. मर्यादा संपली की पुढचे निकाल मुकाट्याने गळून पडत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण अशा रीतीने दैनिक आकड्यांतून निसटले आणि त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध लांबला. प्रयोगशाळांचे निकाल बरोबर होते. गळती झाली ती कडेवर. आत पाठविलेल्या ओळी किती व पोचलेल्या ओळी किती, ही एक तुलना रोज केली असती तर पहिल्याच दिवशी सारे उघड झाले असते.

हीच मोजणी आमच्या प्रबंधांत कोठेही दिसत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. तक्त्याखाली निरीक्षणांची संख्या छापलेली नसते, किंवा असते ती सर्व तक्त्यांना सारखीच छापलेली असते. वस्तुतः ती सारखी असू शकत नाही. एस.पी.एस.एस.मध्ये आपण काही न सांगितल्यास सहसंबंधाचा तक्ता जोडीजोडीने उपलब्ध असलेली निरीक्षणे घेतो, तर समाश्रयण एकही मूल्य गहाळ असलेले संपूर्ण निरीक्षण वगळते. एकाच प्रबंधातील पाठोपाठचे दोन तक्ते अशा रीतीने दोन वेगवेगळ्या संचांविषयी बोलत असतात, आणि लेखक त्यांचा एकत्र अर्थ लावीत असतो. आरही समाश्रयणात गहाळ नोंदी मुकाट्याने गाळते. हाताने काम करणाऱ्याच्या नजरेस निदान तळटीप तरी पडते. आज्ञावलीने फक्त गुणक उचललेला असतो.

यावर महालनोबिस यांचा एक जुना उपाय मला आजही उत्तम वाटतो. त्यांच्या पाहणीत एकाच क्षेत्रातील प्रतिदर्शाचे दोन भाग करून ते दोन स्वतंत्र तुकड्यांकडे सोपविले जात. दोघांच्या उत्तरांतील अंतर हेच त्यांच्या दोषाचे माप. आपल्याला आज दुसरी तुकडी फुकट मिळते. तेच आकडे आर व एस.पी.एस.एस. या दोहोंना स्वतंत्र वाटेने द्यावेत. उत्तरे जुळली तर ठीक. न जुळली तर नेहमी चूकच असते असेही नाही : असमान गटांच्या विचरण-विश्लेषणात आरची नेहमीची आज्ञा घटकांचा क्रमाने विचार करते आणि एस.पी.एस.एस. प्रत्येक घटकाचा इतर सर्व घटक धरून विचार करते, त्यामुळे दोन्ही बरोबर असूनही उत्तरे भिन्न येतात. तेव्हा आपण नेमका कोणता प्रश्न विचारला होता, हे विद्यार्थ्याला प्रथमच स्वतःला विचारावे लागते. मार्गदर्शकालाही. मात्र दोन्ही सॉफ्टवेअरांना एकाच मधल्या आज्ञावलीने वाचलेले आकडे देऊन हा पडताळा घेऊ नये. चार मे झालेली पाच एप्रिल दोघांनाही चार मेच वाटेल.

नाशिकला राज्यभर पसरलेली दोन विद्यापीठे आहेत, मुक्त विद्यापीठ १९८९ चे आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चे. आणि सांख्यिकीचा आधार घेणारे प्रबंध तर राज्यातील प्रत्येक विद्यापीठात होतात. त्या प्रबंधांना प्रश्नावली जोडलेली असते, संमतिपत्र जोडलेले असते, कधी कधी छायाचित्रेही असतात. आज्ञावली जोडलेली मी फारच थोड्या वेळा पाहिली आहे. ती परिशिष्टात यावी, मूळ फाइलीतील ओळींची संख्या व विश्लेषणात आलेल्या ओळींची संख्या प्रत्येक तक्त्याखाली यावी, आणि परीक्षकाने निदान एक तक्ता मूळ नोंदींपासून स्वतः काढून पाहावा, अशी माझी सूचना आहे. परीक्षकांना इतका वेळ नसतो, असे एका सहकाऱ्यांनी मला बोलून दाखविले. त्या विद्यार्थ्याची आज्ञावली सुमारे साडेतीनशे ओळींची होती. ती वाचून तारखेच्या ओळीपर्यंत येण्यास मला दुपारचे दोन तास लागले. त्याने ती दुरुस्त करून तक्ते पुन्हा काढले तेव्हा खाली रस्त्यावर दिवे लागले होते. निर्यातशुल्काचा जो परिणाम त्याने पहिल्या मसुद्यात ठळक अक्षरांत नोंदविला होता, तो निम्म्याहून कमी झाला होता, आणि बंदच्या दिवसांविषयी त्याला एक नवे प्रकरण लिहावे लागणार होते.